नेसवणारं कोण, नाचवणारं कोण

हिवाळ्यात शनिवारी सकाळी डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. चिकूच्या वाडीत मुक्काम, सुरूच्या बनातून समुद्रावर चक्कर, चुलीवरचं जेवण, दुपारी तासाभरात वारली चित्र काढायला शिकवणारी कार्यशाळा आणि रात्री शेकोटीपाशी तारपा नाच, असा एक बेत आता ठरून गेलाय. त्यात नवी भर पडू घातली आहे लुगड्याची. पाहुण्या बायकांना वारली पद्धतीनं, गुडघ्यापर्यंत, कासोटा घालून लुगडं नेसवायचं, चोळी आणि वेगळा पदर द्यायचा, केसांत फूल खोचायचं आणि तारप्याच्या फेरात उभं करायचं.

ही कल्पना ज्या बाईंची, त्या बोर्डीकडच्या एका वाडीच्या मालकीण. वारली नव्हेत. वाडीत चार-सहा खोल्या बांधून त्या पाहुण्यांची सोय करतात. कल्पना त्यांना सुचली जपानात. क्योतोला जाऊन त्या किमोनो नेसून आल्या, पारंपरिक नृत्याचा एक धडा घेऊन आल्या आणि परत आल्यापासून त्यांना वाटतंय की हे आपल्याकडे का नाही. त्यांना अडवणारे गुरुजी तलासरी तालुक्यातले, वारली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. बाई लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकल्या. म्हणून त्यांचं ‘गुरुजी, तुम्ही’ आणि गुरुजींचं ‘पोरी, तू’. नावं छापू नका, असं दोघांनीही सांगितलंय. मी मधे बसून ऐकत होतो, आणि जिथं राहवलं नाही तिथं बोललोही.

बाई : गुरुजी, क्योतोच्या जुन्या भागात किमोनो भाड्यानं देणारी दुकानं ओळीनं आहेत. मला नेसवायला एक वयस्कर बाई होती. आधी आतला पातळ झगा, मग किमोनो. डावी बाजू वर, उजवी खाली, हे तिनं पहिल्यांदाच बजावलं. उजवी वर घेतात ती फक्त मेलेल्या माणसाला नेसवताना. मग दोऱ्या, पट्ट्या आणि शेवटी कमरेचा तो रुंद पट्टा, ओबी. पाठीत काठी बांधल्यासारखं ताठ व्हायला होतं. मग नाचाचा धडा. पाऊल उचलायचं नाही, जमिनीवर घासत पुढं न्यायचं. हातातला पंखा घटकेत पाऊस, घटकेत दारूचा प्याला. घामाघूम झाले, पण त्या देशाबद्दल वाचून जे कळलं नव्हतं ते कळलं.

गुरुजी : चांगलं झालं. दुकान कोणाचं होतं?

बाई : त्यांचंच. जपानी माणसाचं.

गुरुजी : नेसवणारी?

बाई : तीही जपानीच. किमोनो नेसवायच्या शाळा असतात तिथं, प्रमाणपत्रं मिळतात.

गुरुजी : नाच शिकवणारी?

बाई : तिचं घराणं आहे. हानायागी, फुजिमा अशी घराणी असतात. वर्षानुवर्षं शिकल्यावर गुरू घराण्याचं नाव देतो.

गुरुजी : म्हणजे किती पैसे, किती वेळ, काय चालेल नि काय नाही, हे सगळं त्यांनी ठरवलं. तू मुकाट्यानं ऐकलंस. आता तुझ्या वाडीवरचं सांग. लुगडं नेसवणार कोण?

बाई : पाड्यावरच्या बायका.

गुरुजी : त्यांना किती द्यायचे हे कोण ठरवणार?

बाई थोडा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘मीच ठरवणार. दुसरं कोण?’

इथं गुरुजींनी पहिला डाव जिंकला असं वाटेल. बाईंचा पुढचा मुद्दा मात्र सहज उडवून लावण्यासारखा नव्हता.

बाई : पण गुरुजी, लुगडं आता नेसतंय कोण? तलासरीच्या कॉलेजात जाणाऱ्या तुमच्या मुली पंजाबी ड्रेस घालतात. त्यांच्या आया घरात गाऊनमध्ये. लुगड्यात दिसते ती फक्त आजी. जपानातही हेच झालं. किमोनो उरला तो लग्नाला, वीस वर्षांच्या झालेल्या मुलींच्या समारंभाला, चहाच्या विधीला. त्याचा धंदा गेल्या चाळीस वर्षांत खाली खाली गेला. भाड्याची दुकानं निघाली, परदेशी माणसं नेसायला लागली, तेव्हा कुठं रस्त्यावर किमोनो पुन्हा दिसायला लागला. पुष्कळदा पॉलिएस्टरचा असतो, कबूल. पण दिसतो. उद्या शहरातल्या बाईनं लुगडं मागितलं, तर तुमच्या नातीला वाटेल, अरे, यात काहीतरी आहे.

गुरुजी : माझ्या नातीला लुगड्यात काहीतरी आहे हे कळायला मुंबईची बाई लागते, यातच सगळं आलं. पोरी, माझी बायको लुगड्यात एसटीत चढायची तेव्हा लोक सरकून बसायचे. दवाखान्यात परिचारिका ‘ए’ म्हणून हाक मारायच्या. आमच्या पोरी शिकल्या आणि त्यांनी लुगडं सोडलं. आवडत नव्हतं म्हणून नाही सोडलं, लोक हसायचे म्हणून सोडलं. आता त्याच लुगड्यात तुझी पाहुणी उभी राहणार आणि लोक म्हणणार, किती छान. कापड तेच राहिलं, आतलं माणूस तेवढं बदललं.

यावर बाईंनी बॉस्टनची गोष्ट काढली. 2015 साली तिथल्या ललितकला संग्रहालयात चित्रकार मोनेच्या एका चित्रासमोर प्रेक्षकांना तसाच लाल किमोनो घालून उभं राहायची सोय केली होती. चित्रात मोनेची बायकोच किमोनो घालून उभी आहे. तरुणांनी निदर्शनं केली, हा पौर्वात्य लोकांचा तमाशा आहे म्हणाले. संग्रहालयानं किमोनो अंगावर घालायचं बंद केलं. मग दुसऱ्या बाजूनं जपानी बायका स्वतः किमोनो घालून आल्या आणि म्हणाल्या, आम्हाला काही वावगं वाटत नाही, घालू द्या की.

बाई : म्हणजे ज्यांचं वस्त्र त्यांना चालतंय, आणि राग येतोय तो इतरांनाच. तुमच्यापेक्षा पुण्या-मुंबईचे विद्वानच जास्त रागावतील बघा.

गुरुजी : जपानी माणसाला चालणारच. त्याचं राज्य होतं. कोरियावर त्यानं पस्तीस वर्षं राज्य केलं. ज्याच्या हातात सत्ता होती त्याला आपला कपडा दुसऱ्याच्या अंगावर बघून बरं वाटतं. कोरियन माणसाला विचार, त्याच्या कपड्याचं काय झालं होतं. आमची गोष्ट त्या बाजूची आहे.

मला हे उत्तर फार आवडलं. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या चर्चेत आपण सगळ्या देवाणघेवाणी एकाच मापानं मोजतो. किमोनो भाड्यानं देणाऱ्या क्योतोकराला आपला कपडा हरवेल अशी भीती वाटत नाही. 2019 मध्ये एका अमेरिकन प्रसिद्ध बाईनं आपल्या अंतर्वस्त्रांना किमोनो हे नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा क्योतोच्या महापौरानं पत्र लिहिलं आणि तिला नाव बदलावं लागलं. आपल्या कपड्यासाठी पत्र लिहील आणि ज्याचं पत्र वाचलं जाईल, असा महापौर वारली बाईच्या लुगड्याला नाही.

डहाणू-तलासरीचा इतिहास पर्यटकांच्या माहितीपत्रकात सहसा नसतो. मे 1945 मध्ये तलासरी तालुक्यातल्या झरी गावात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानं वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगार करायची नाही असं ठरलं. त्या काळी सावकाराकडून लग्नासाठी कर्ज घेतलेला वारली बायकोसकट त्याचा लग्नगडी व्हायचा आणि पिढ्या त्यात जायच्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण मेले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या गोदावरीबाईंच्या पुस्तकात हे सगळं आहे. गुरुजींच्या आज्यानं वेठ केलेली आहे.

गुरुजी : आजा शेठाच्या अंगणात राबायचा, फुकट. आता आमची पोरं वाडीच्या अंगणात तारपा घेऊन जातात, मजुरी मिळते. फरक मोठा आहे, मी नाही म्हणत नाही. पण अंगण तेच आहे. आणि अंगणवाल्यानं म्हटलं वीस मिनिटं, तर वीस मिनिटं. पाहुणे जेवायला उठले की तारपा बंद. अंदमानात जारवा बायकांना खाऊ दाखवून नाचायला लावल्याची चित्रफीत 2012 साली निघाली, आठवते ना? तेवढं वाईट इथं नाही. पण वाट तिकडेच जाते.

बाई : गुरुजी, हे जास्त झालं. माझ्या वाडीवर तारपकरी खुर्चीवर बसून जेवतो.

गुरुजी : तुझं नाही म्हणत. पण तू एकटीच आहेस का या धंद्यात?

तारपा ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा गुंडाळलेला लांब कर्णा आणि फटी बुजवायला मेण. सगळं रानातलं नि परसातलं. भोपळ्याचा आकार नेमका मिळावा म्हणून वेल वाढत असतानाच फळ हेरून ठेवतात. वाजवणाऱ्याला श्वास तोडता येत नाही. गाल फुगवून ठेवायचे, नाकानं हवा घेत राहायची आणि सूर अखंड चालू ठेवायचा. रात्रभर. त्याच्याभोवती बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी धरतात. पुढचा घोळकाठी आपटत वळणं देतो आणि साखळी तारप्याभोवती गुंडाळत जाते, सुटत जाते. तारपकऱ्यानं सूर बदलला की पावलं बदलतात, त्या प्रकारांना चाळे म्हणतात. तारप्याकडे पाठ करायची नाही. जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रांमुळे तो गुंडाळलेला फेर जगभर गेला आणि आता तो चहाच्या मगापासून कुर्त्यापर्यंत सगळीकडे छापलेला असतो.

हा नाच म्हणजे करमणूक एवढंच समजणं चूक आहे. भात निसवल्यापासून दिवाळीपर्यंत त्याचा काळ. कणसरी म्हणजे दाण्याची देवी, तिच्या कृपेनं पीक आलं, म्हणून नाचायचं. बाकी वर्षभर तारपा आढ्याला टांगलेला.

बाई : मग हाच मुद्दा घ्या. मी मुंबईच्या पाहुण्यांना नाच बघायला नाही, नाचायला आणते. बाहेरच्यांनी फेरात शिरू नये असं तुमचं म्हणणं आहे का?

गुरुजी : छे. फेराला दार नसतं. बाजूच्या पाड्याचा येतो, सोयरा येतो, कोकणा येतो, मास्तर येतो. हात धरला की झालं. तुझ्या पाहुण्यानं चड्डी घातली असली तरी चालेल. पाय चुकला तर शेजारचा ओढून घेतो.

बाईंना याचा आनंद झाला, कारण जपानातला हाच अनुभव त्यांना सगळ्यात आवडला होता. ऑगस्टात ओबोनच्या दिवसांत, पितरं घरी येतात अशी श्रद्धा असलेल्या त्या सणात, गावोगाव मधे लाकडी मचाण बांधून त्याभोवती फेर धरतात. शिकवणी नाही, तिकीट नाही. पुढच्याचे हात बघायचे नि करायचं. तोकुशिमा शहरात तर आवा ओदोरीच्या उत्सवात पाहुण्यांसाठी वेगळा जथाच असतो. पोशाख नसला, सराव नसला तरी त्यात शिरून रस्त्यावर नाचता येतं. अशा कितीतरी फेरनाचांना 2022 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. क्योतोच्या वर्गातला पंख्याचा नाच कित्येक वर्षं शिकायचा असतो, त्याचा तासाभराचा धडा म्हणजे नुसती चव. ओबोनचा फेर मात्र सगळ्यांचा. आपला तारपा त्या दुसऱ्या जातीचा. इथंवर दोघांचं एकमत झालं.

एकमत फार टिकलं नाही.

गुरुजी : पण मग या दिवाळीच्या आधी. तुझे पाहुणे येतात डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा तारपा खाली काढायचा नसतो.

बाई : असं? मग 9 ऑगस्टला, आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत डहाणूत, तलासरीत तारपा वाजतो तो कसा? तेव्हा तर भात अजून हिरवंगार असतं. बोर्डीच्या चिकू महोत्सवात वाजतो. निवडणुकीच्या प्रचारात वाजतो, पुढारी फेरात शिरून फोटो काढतात. तिथं कणसरी रागावत नाही, माझ्या वाडीवरच रागावते?

गुरुजी हसले. मग गंभीर झाले.

गुरुजी : पुढाऱ्यांचं सोड, ते कशावरही नाचतात. 9 ऑगस्टचं ऐक. तो तारपा आम्ही खाली काढला. आमच्या पोरांनी, आमच्या संघटनांनी ठरवलं की या दिवशी वाजवायचा. काही म्हाताऱ्यांना नाही पटलं, भांडणं झाली. पण ती आमच्या घरातली भांडणं होती. रीत बदलते. बदलणारा कोण, एवढंच मी विचारतोय.

बाईंचा प्रश्न अचूक होता आणि गुरुजी त्यात अडकले होते, हे मान्य केलं पाहिजे. रीत म्हणजे दगडावरची रेघ, असं ते आधी बोलत होते. प्रश्नाच्या धक्क्यानं ते खऱ्या मुद्द्यावर आले. मला वाटतं, या सगळ्या वादाचं उत्तर त्या एका प्रश्नात आहे, आणि ते बाईंमुळे निघालं.

मग चित्रांचा विषय निघणं भागच होतं. चित्रं एके काळी फक्त बाया काढत. लग्नाच्या वेळी सुवासिनींनी भिंतीवर चौक लिहायचा, त्यात पालघट देवी, आणि धवलेरीनं गाणी म्हणून लग्न लावायचं. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी इकडे आले, कागद आणि रंग दिले, आणि गंजाडजवळच्या कळंबीपाड्यातले जिव्या म्हशे लग्नाशिवाय, रोज, चित्रं काढायला लागले. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री.

बाई : तेव्हाही कोणी म्हणालं असेल, चौक लग्नातच हवा, कागदावर नको. ऐकलं असतं तर म्हशे कुठं असते?

गुरुजी : बरोबर आहे. पण काढत ते होते. कुलकर्णी काठी घेऊन चौक लिहायला बसले नाहीत. आणि तुझ्या जपानचंच उदाहरण देतो. निगाताच्या डोंगरात तोकामाची म्हणून गाव आहे, तिथं बंद पडलेल्या शाळेत मिथिला संग्रहालय आहे. तिथल्या माणसानं म्हशे यांना, आपल्या आणखी चित्रकारांना बोलावलं, ठेवून घेतलं, वेळ दिला, भिंतभर कागद दिला. बर्फ पडणारं, भात पिकवणारं गाव. आमची माणसं तिथं राहून चित्रं काढून आली, चित्राखाली नाव त्यांचं. नंतर जपानी चित्रकार गंजाडला आले, शाळेच्या भिंती रंगवल्या, आमच्या पोरांबरोबर. हे पाहुणेपण मला समजतं. यात कोणी कोणाचा वेष घेत नाही.

बाई : आणि आता त्यांची बुलेट ट्रेन येते तुमच्या शेतांतून.

गुरुजी : येते. तिच्यासाठी जमीन मोजायला आले तेव्हा तारपा कोणी मागितला नाही.

लुगड्याबद्दल मला स्वतःला गुरुजींइतका राग येत नाही. आपल्याकडे गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत शिवलेली नऊवारी चढवून बुलेटवर बसणाऱ्या मुलींना आपण नावं ठेवत नाही. भाड्याची नऊवारी, चिकटपट्टीचा कासोटा, तयार ओबीसारखाच. पण ती मुलगी आपल्या आजीचं वस्त्र नेसत असते, आणि त्या वस्त्रापायी बसमध्ये तिच्यापासून कोणी सरकून बसलेलं नसतं. वारली लुगडं भाड्यानं देणं याच्या जवळपासही नाही. बाईंचं म्हणणं की पाड्यावरच्या बायकांना त्यातून चार पैसे मिळतील, ते खरं आहे आणि हलकं नाही. हंगाम संपला की याच बायका वीटभट्टीवर, नाहीतर वापी-उंबरगावच्या कारखान्यांत जातात. गुरुजींनी तो मुद्दा जरा घाईनं बाजूला सारला. निवृत्तिवेतन मिळणाऱ्या माणसाला रीत जपणं सोपं जातं, हे मी त्यांना म्हटलंही. त्यांनी ऐकून घेतलं.

पैशांचं बोलताना तारपकऱ्याकडे वळावं लागतं, कारण खरी टंचाई लुगड्याची नाही, फुंकणाऱ्याची आहे. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना आधी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि मग 2026 च्या यादीत पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. घरी पिढ्यान्‌पिढ्या तारपा. भोपळा लावण्यापासून वाजवण्यापर्यंत सगळं येणारी अशी माणसं आता थोडी आहेत. तरुण पोराला श्वास न तोडता वाजवायला शिकायचं तर कित्येक पावसाळे जातात, आणि शिकून मिळतं काय? वाडीवरच्या मालकानं ठरवलेली बिदागी.

शेवटी काय ठरलं? बाईंनी या हंगामापुरतं लुगडं सोडलं. ‘पटलं म्हणून नाही, गुरुजींचं मन मोडवत नाही म्हणून,’ असं म्हणाल्या. नाच ठेवला, पण वाडीच्या अंगणात नाही. पाहुण्यांना ऑक्टोबरात पाड्यावर न्यायचं, पाड्यानं बोलावलं तर आणि बोलावलं त्या रात्री. गुरुजींनी एक अट पुढं केली, तीच मला सगळ्यात कामाची वाटते. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. 1996 च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा सांभाळायचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्राचे त्याचे नियम 2014 पासून आहेत. खाणीला नि जमिनीला हा कायदा आठवतो, नाचाला कोणाला आठवत नाही. पाड्यावर पाहुणा नाचायला येणार असेल तर किती माणसं, कोणत्या दिवसांत, फोटो काढायचे की नाही, तारपकऱ्याला किती, हे पाड्यानं ग्रामसभेत ठरवून कागदावर लिहावं. क्योतोच्या गिओन वस्तीतल्या लोकांनी 2024 मध्ये पर्यटकांना आपल्या खासगी गल्ल्यांत यायला बंदी केली, कारण पर्यटकांचा त्यांना त्रास होत होता. त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही. ग्रामसभेला तसं म्हणता आलं, की लुगडं नेसवायचं की नाही हेही तिनंच ठरवावं. बायका हो म्हणाल्या तर बाईंनी खुशाल नेसवावं, गुरुजी त्याला तयार आहेत.

तुम्ही डहाणूला जाणार असाल तर दिवाळीच्या आधी जा. गाडी लावताना विचारा की नाच कोणाच्या अंगणात आहे. फेरात शिरा, अंगावर असतील त्याच कपड्यांत. आणि तारपकऱ्याचे पैसे त्याच्याच हातात द्या.